जुन्या खेळाचें नित्यकर्म

देवालयाचा जीर्णोद्धार हा आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेला विषय आहे. शिखर ढासळलें, गाभाऱ्याच्या भिंतीला भेग गेली, कीं कोणी पुण्यशील गृहस्थ पुढें येतो, काम तडीस जातें, आणि त्याच्या नांवाची शिळा दाराशीं बसते. परंतु जी वस्तु पूजेकरितां नव्हे, तर केवळ मौजेकरितां निर्माण झाली, जिच्यांत माणसें भीत भीत बसतात, किंचाळतात आणि हंसत हंसत खालीं उतरतात, ती वस्तु म्हातारी झाली म्हणजे तिचें काय करावें, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारलेला नाहीं. पाश्चात्य देशांत अशा यंत्रांपैकीं कांहींनीं आतां वयाचीं शंभर वर्षें ओलांडलीं आहेत, आणि तेथें या प्रश्नावर पुष्कळ विचार व पुष्कळ द्रव्यही खर्च झालें आहे. आपल्या महाराष्ट्रांत गोराईचें एस्सेल वर्ल्ड १९८९ सालीं उघडलें, खोपोलीजवळचें इमॅजिका २०१३ सालीं. म्हणजे आपल्या येथेंही या यंत्रांना वय येऊं लागलें आहे. तेव्हां इतरांचा अनुभव पाहून ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं.

हा अनुभव मांडण्यास परकीय परिभाषेपेक्षां आपल्याच मीमांसकांची एक जुनी विभागणी मला अधिक सोयीची वाटते. त्यांनीं कर्मांचे नित्य, नैमित्तिक व काम्य असे भेद केले. संध्यावंदनासारखें नित्यकर्म रोज करावयाचें. तें केल्यानें कांहीं विशेष फळ मिळतें असें नाहीं, पण न केल्यास प्रत्यवाय म्हणजे दोष मात्र निश्चित लागतो. ग्रहण लागलें, घरांत पुत्रजन्म झाला, अशा एखाद्या निमित्तानें करावयाचें तें नैमित्तिक. आणि स्वर्गाची, संततीची किंवा पर्जन्याची इच्छा मनांत धरून करावयाचें तें काम्य. जुन्या यंत्राच्या डागडुजीचेही हेच तीन प्रकार पडतात; आणि त्यांचा इतिहास पाहतां असें दिसून येतें कीं, लोकांच्या डोळ्यांत भरतात तीं शेवटचीं दोन कर्में, परंतु यंत्र जगतें किंवा मरतें तें पहिल्यावर. हें विधान नुसतें तर्काचें नाहीं. त्याच्या पाठीशीं माणसांचे प्राण आहेत.

उदाहरणाकरितां मुख्यतः रोलर कोस्टर हा खेळ घेऊं. गाडी उंचावर ओढून न्यावयाची आणि तेथून तिला केवळ स्वतःच्या वजनानें चढउतारांवरून धांवूं द्यावयाची, एवढेंच त्याचें तत्त्व. रशियांत लाकडी सांगाड्यावर बर्फ घालून केलेल्या टेकड्यांवरून घसरण्याचा खेळ हा त्याचा पूर्वज. त्याचें अनुकरण पॅरिसच्या बेलव्हिल भागांत १८१७ सालीं चाकांच्या गाड्या लावून झालें, आणि फ्रेंच भाषेंत या खेळाला आजही ‘रशियन पर्वत’ असेंच म्हणतात. अमेरिकेंत त्याला धंद्याचें रूप दिलें तें लामार्कस ॲडना थॉम्प्सन यानें. १८८४ च्या जून महिन्यांत न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथें त्यानें आपली गाडी सुरू केली. भाडें ५ सेंट आणि वेग ताशीं सुमारें ६ मैल. एका टोकाला गाडी पोहोंचली म्हणजे उतारूंनीं खालीं उतरावयाचें, नोकरांनीं ती ढकलून शेजारच्या रुळावर चढवावयाची, आणि मग परतीचा प्रवास, असा तो साधा व्यवहार होता. पुढें १८८७ सालीं अटलांटिक सिटी येथें त्यानें वाटेवर बोगदे व रंगविलेले देखावे उभारून ‘सीनिक रेल्वे’ नांवाचा प्रकार काढला, व तो जगभर पसरला.

या जुन्या गाड्यांची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्यांना रुळाखालून धरून ठेवणारें चाक नव्हतें. गाडी बाजूच्या फळ्यांना घांसत जाई, पण वर उचलली जाऊं लागली तर तिला खालीं ओढणारें कांहीं नसे. रुळाच्या खालून फिरणाऱ्या तिसऱ्या चाकाचें पेटंट जॉन मिलर या अमेरिकन कारागिराला १९१९ सालीं मिळालें, आणि त्यानंतरच भयंकर उतारांचे खेळ बांधणें शक्य झालें. तोंवर वेग मर्यादेंत ठेवणें हें मनुष्याच्या हातचें काम होतें. सीनिक रेल्वेच्या गाडीवर एक ब्रेकवाला उभा असे. उतारूंचें वजन, वारा, पाऊस, रुळाचा ओलेपणा या सर्वांचा अंदाज घेऊन कोठें किती दाबावयाचें हें तो आपल्या मनगटानें ठरवी. यंत्राचा एक अवयव जिवंत मनुष्य होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

दुसरी गोष्ट लाकडाची. लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे थर व त्यांवर बसविलेली पोलादाची सपाट पट्टी. पावसानें लाकूड फुगतें, उन्हानें आकसतें, आणि गाडीच्या प्रत्येक फेरीनें बोल्ट यत्किंचित् सैल होतात. म्हणून अशा खेळावर रोज सकाळीं, उद्यानाचें दार उघडण्यापूर्वीं, सुतार व कारागीर सबंध रुळावरून पायीं चालत जातात. हातांत पाना व हातोडी. डोळ्यांनीं पाहावयाचें, ठोकून आवाज ऐकावयाचा, सैल असेल तें आवळावयाचें, कुजलें असेल त्यावर खूण करावयाची. मोठें काम हिवाळ्यांत, उद्यान बंद असतांना, थोडथोडें करून होतें. या क्रमानें पांच-सहा तपें गेलीं म्हणजे मूळच्या फळ्यांपैकीं फारच थोड्या जागेवर उरतात. तरीही खेळ तोच असतो. कारण मूळ फळी काढून तिच्या जागीं तशीच फळी बसविणाऱ्या हातांची परंपरा तुटलेली नसते.

ऑस्ट्रेलियांतील मेलबोर्नचें लूना पार्क १९१२ सालच्या डिसेंबरांत उघडलें. तेथील सीनिक रेल्वे ही जगांतील अखंड चालू राहिलेली सर्वांत जुनी मानली जाते, आणि तिच्या गाडीच्या मध्यभागीं ब्रेकवाला उभा राहण्याची रीत तेथें टिकली आहे. या दीर्घायुष्याच्या मुळाशीं एखादा मोठा जीर्णोद्धार किंवा कोणा दानशूराची देणगी शोधूं गेल्यास निराशा पदरीं येईल. शंभरांहून अधिक वर्षें सकाळीं कोणीतरी रुळावरून चालत गेला, हेंच तिचें कारण होय. नित्यकर्माला फळ नाहीं असें शास्त्र म्हणतें तें याच अर्थानें. ज्या दिवशीं कांहीं घडलें नाहीं त्या दिवसाची बातमी होत नाहीं, आणि बोल्ट आवळणाऱ्याच्या नांवाची शिळा कोणी बसवीत नाहीं.

प्रत्यवाय मात्र लागतो, आणि तो किती कठोर असतो याचें उदाहरण लंडननें पाहिलें आहे. १९५१ च्या ब्रिटन महोत्सवाच्या निमित्तानें थेम्स नदीच्या कांठीं बॅटरसी येथें करमणुकीचें उद्यान उभें राहिलें. तेथील ‘बिग डिपर’ या लाकडी कोस्टरची गाडी ३० मे १९७२ रोजीं वर चढत असतांना ओढणाऱ्या दोरापासून सुटली व मागें घसरूं लागली. अशा वेळीं गाडी अडवावी म्हणूनच चढावर एक योजना केलेली असते. कोस्टर चढतांना जो खट् खट् असा आवाज ऐकूं येतो, तो दांतेरी पट्टीवर एकामागून एक पडणाऱ्या अशाच अडसराचा. उतारूंना त्या आवाजाची भीति वाटते. वस्तुतः तो अभयाचा आवाज आहे. बॅटरसीच्या त्या चढावर मागें येणारी गाडी रोखण्याची योजना ऐन प्रसंगीं कामीं आली नाहीं, आणि ब्रेकवाल्यालाही गाडी थांबवितां आली नाहीं. पांच मुलें प्राणांस मुकलीं. १९७४ सालीं उद्यानही बंद झालें. संकटाच्या वेळीं उपयोगी पडावयाचें जें साधन, त्याची गरज वर्षानुवर्षें पडत नाहीं. म्हणून त्याची खरी परीक्षा रोजच्या तपासणींतच व्हावयाची असते. तेथें चुकल्यास दुसरी संधि मिळत नाहीं.

आतां नैमित्तिकाकडे वळूं. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यांत अल्टूना येथें ‘लीप द डिप्स’ नांवाचा कोस्टर १९०२ सालीं बांधला गेला. उंची अवघी ४१ फूट, सर्वांत मोठा उतार ९ फुटांचा, वेग ताशीं सरासरी १० मैल. आणि रुळाखालचें चाक नाहीं. आजच्या मापानें तें लहान मुलाचें खेळणें. १९८५ सालीं तो बंद पडला, व लाकूड जागच्या जागीं कुजूं लागलें. पुढें लोकांच्या ध्यानांत आलें कीं, या जातीचा दुसरा खेळ अमेरिकेंत उरलेला नाहीं. १९९६ सालीं त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान मिळाला, देणग्या गोळा झाल्या, आणि १९९९ सालीं तो पुन्हा फिरूं लागला. येथें जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढें एक मोह होता: नवीं चाकें, नवे पट्टे, नवा वेग घालून लोकांस ओढावें. त्यांनीं तो टाळला. गाडी पूर्वींप्रमाणेंच फळ्यांना घांसत, मंदगतीनें जात राहिली. सुरक्षितता त्यांनीं वेगाच्या मर्यादेंत शोधली, जशी ती मूळ बांधणाऱ्यानें शोधली होती.

इंग्लंडमधील मारगेट गांवची गोष्ट याहून बिकट. तेथील ड्रीमलँड उद्यानांत १९२० सालीं जॉन हेन्री आयल्स यानें थॉम्प्सनच्या पद्धतीची सीनिक रेल्वे आणली. २००२ सालीं ती संरक्षित वास्तूंच्या यादींत गेली. ब्रिटनमध्यें करमणुकीच्या खेळाला हा मान प्रथमच मिळाला. परंतु यादींत नांव जाणें आणि रुळावर पाऊल पडणें या भिन्न गोष्टी आहेत. उद्यानाचा धंदा बसला, जागा विकून टाकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि ७ एप्रिल २००८ रोजीं कोणीतरी लावलेल्या आगींत त्या रेल्वेचा मोठा भाग भस्म झाला. गांवकऱ्यांनीं चळवळ केली, थॅनेटच्या स्थानिक मंडळानें २०१३ सालीं सक्तीनें जागा ताब्यांत घेतली, आणि २०१५ च्या अखेरच्या महिन्यांत गाडी पुन्हा धांवूं लागली, ब्रेकवाल्यासह. या कामाची थोरवी मी कमी लेखीत नाहीं. परंतु हिशेबाच्या वहीच्या दृष्टीनें पाहतां, अल्टूनाचा आणि मारगेटचा जीर्णोद्धार ही मोडलेल्या नित्यकर्माची एकदम भरावी लागलेली थकबाकी होती.

निमित्त कधीं मनुष्याच्या हाताबाहेरचें असतें, हेंही सांगितलें पाहिजे. आणि त्याकरितां कोस्टर सोडून क्षणभर व्हिएन्नाच्या महाचक्राकडे जावें लागेल. वॉल्टर बॅसेट या इंग्रजानें लंडन, ब्लॅकपूल, व्हिएन्ना व पॅरिस येथें प्रचंड चक्रें उभारलीं. लंडनचें १९०७ पर्यंत मोडून झालें, ब्लॅकपूलचें १९२८ सालीं गेलें, पॅरिसचेंही नाहींसें झालें. १८९७ सालीं उभारलेलें व्हिएन्नाचें सुमारें ६५ मीटर उंचीचें चक्र तेवढें राहिलें. तें देखील १९१६ सालीं पाडावयाचें ठरलें होतें. परंतु महायुद्धाच्या त्या दिवसांत पाडण्यापुरताही पैसा नव्हता. पुढें एडुआर्ड स्टायनर या व्यापाऱ्याकडे तें आलें, आणि मोडीत काढण्याऐवजीं त्यानें तें चालूं दिलें. स्टायनर ज्यू होता. १९३८ नंतर नात्सी सत्तेनें त्याची मालमत्ता हिरावून घेतली, आणि १९४४ सालीं ऑश्विट्झ येथें त्याचा वध झाला. त्याच वर्षीं चक्रही आगींत होरपळलें.

युद्ध संपल्यावर व्हिएन्ना उपाशी व उद्ध्वस्त होती. तरीही १९४७ सालीं तें चक्र पुन्हा फिरूं लागलें. पण पूर्वींच्या ३० डब्यांऐवजीं आतां १५ च डबे टांगले होते, कारण भाजून निघालेल्या सांगाड्यावर पूर्वींचा भार टाकणें इष्ट नव्हतें. जीर्णोद्धार म्हणजे हरवलें तें सर्व परत आणणें, अशी आपली समजूत असते. व्हिएन्नाच्या कारागिरांनीं उलट केलें. म्हाताऱ्याच्या खांद्यावरचें ओझें अर्धें उतरवून त्यांनीं त्याला चालतें केलें. आज त्या शहराचें चित्र काढतांना जो तो हेंच अर्ध्या डब्यांचें चक्र काढतो, आणि त्याच्या रिकाम्या जागांत त्या युद्धाची आठवण राहिली आहे.

तिसरा प्रकार काम्याचा. म्हणजे अधिक लोक यावेत, अधिक उत्पन्न व्हावें, या इच्छेनें केलेलें नूतनीकरण. त्यांत वाईट कांहीं नाहीं. ज्या उद्यानाला उत्पन्न नाहीं, त्याच्या सुताराला पगारही नाहीं. कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँड हें या कामांत अग्रेसर. तेथील ‘मॅटरहॉर्न’ हा १९५९ सालचा खेळ पोलादी नळीच्या रुळावर धांवणारा जगांतील पहिला कोस्टर समजला जातो. १९७८ सालीं त्याच्या पोटांत बर्फाच्या गुहा व हिममानव आले. २०१२ सालीं गाड्या बदलल्या. ‘स्पेस माउंटन’ या १९७७ सालच्या खेळाचें तर २००३ च्या एप्रिलांत दार लावून सबंध रूळच उपटून काढला, बाहेरची इमारत तशीच ठेवून आंत नवा रूळ घातला, व उद्यानाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, १५ जुलै २००५ रोजीं, तो पुन्हा उघडला. कवच तेंच आणि आंतील सांगाडा मात्र नवा, असा हा विलक्षण कायाकल्प होता.

परंतु याच उद्यानांत, हें मोठें काम चालूं असतांनाच, ५ सप्टेंबर २००३ रोजीं ‘बिग थंडर’ या दुसऱ्या कोस्टरच्या इंजिनाची चाकांची जुळणी सुटली, गाडी बोगद्यांत आदळली, आणि २२ वर्षांचा एक तरुण मरण पावला. दहा जण जखमी झाले. राज्याच्या तपासणी खात्याला आढळलें तें असें: कांहीं बोल्ट हवे तितके आवळलेले नव्हते, आणि ते सैल होऊं नयेत म्हणून लावावयाची तार लावलेली नव्हती. जगांतील सर्वांत संपन्न करमणूक-संस्थेजवळ सबंध रूळ नवा घालण्याइतकें द्रव्य होतें. जें चुकलें तें एका पान्याचें आणि वीतभर तारेचें काम होतें. काम्यकर्मानें नित्यकर्माची भरपाई होत नाहीं, या शास्त्रवचनाला याहून कडू पुरावा मिळणें कठीण.

येथें एक आक्षेप घेतां येईल. मनुष्याचा हात चुकतो, म्हणून जीर्णोद्धार करतांना तो हातच काढून टाकावा, हें बरें नव्हे काय? डेन्मार्कमध्यें तसें झालेलें आहे. कोपेनहेगनजवळ बाकेन येथें १९३२ सालच्या लाकडी कोस्टरला २०१० सालीं नव्या गाड्या व आपोआप चालणारे ब्रेक मिळाले, आणि ब्रेकवाल्याची जागा संपली. त्याच शहराच्या मध्यभागीं टिव्होली उद्यानांत १९१४ सालच्या कोस्टरवर मात्र ब्रेकवाला कायम आहे. या दोहोंपैकीं एकाला धन्य व दुसऱ्याला भ्रष्ट म्हणण्याची मला घाई नाहीं. आपोआप चालणारा ब्रेक झोंपत नाहीं, रागावत नाहीं, त्याचें मन घरच्या चिंतेकडे जात नाहीं. परंतु बाकेनला जें गेलें तें केवळ जुनें सोंग नव्हे. ओल्या रुळावर भरलेली गाडी कशी उतरवावी हें मनगटाला ठाऊक असणारी एक विद्या तेथें संपली, आणि अशी विद्या पुस्तकांतून परत मिळत नाहीं. शिवाय आपोआप चालणाऱ्या ब्रेकचे बोल्टही कोणीतरी आवळावेच लागतात. हात काढला असें आपण म्हणतों तेव्हां तो बहुधा एका जागेवरून दुसऱ्या जागीं गेलेला असतो, आणि दिसेनासा झाल्यामुळें त्याचा विसर पडण्याचा संभव मात्र वाढतो.

आपल्या जत्रांतील रहाटपाळण्याकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे एक गोष्ट जाणवते. तो प्रत्येक जत्रेनंतर मोडून गाडीवर चढतो व पुढच्या गांवीं पुन्हा उभा राहतो. त्यामुळें त्याची प्रत्येक खीळ वर्षांतून कितीतरी वेळां कोणाच्या तरी हातांतून जाते. मालकाला शास्त्र ठाऊक नसेल, पण त्याच्या धंद्याची रीतच त्याला तपासणीची संधि देते. ती त्यानें घेतली तर पाळणा टिकतो, दवडली तर जत्रेला गालबोट लागतें. एका जागीं कायम उभ्या असलेल्या मोठ्या उद्यानाला ही संधि अनायासें मिळत नाहीं. तेथें ती नियमानें निर्माण करावी लागते, आणि नफा आटला म्हणजे प्रथम कात्री लागते ती याच नियमाला.

म्हणून गोराई, खोपोली किंवा अन्यत्र जेव्हां जुन्या खेळांच्या जीर्णोद्धाराचा विचार होईल, तेव्हां मालकांनीं आणि सरकारनेंही नव्या रंगाचे व नव्या गाड्यांचे नकाशे पाहण्यापूर्वीं एक साधी वस्तु मागवून पाहावी: रोजच्या तपासणीची वही. ती अखंड असेल, तींत सही करणाऱ्यानें खरोखर रुळावर पाऊल टाकलेलें असेल, आणि त्यानें ‘आज गाडी सोडूं नये’ असें लिहिलें त्या दिवशीं गाडी खरोखर सोडली नसेल, तर तो खेळ कितीही जुना असो, त्याचा उद्धार होण्याजोगा आहे. वहींत खंड असेल तर आधीं तो भरून काढण्याची व्यवस्था करावी, सुतार नेमावा, त्याला शिष्य द्यावा. रंगाचा डबा मागाहून उघडावा.